संगणकाला ताप का येतो?

कलाशाखेतील विद्यार्थिनीने वार्षिकांकात संगणकाच्या दुरुस्तीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. कथा, कविता, प्रवासवर्णन, फार तर एखाद्या ग्रंथाचे परीक्षण, एवढीच आमची हद्द, अशी एक समजूत आहे. परंतु आज परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, सातबाराचा उतारा, सारे संगणकातूनच बाहेर पडते. ज्या यंत्रातून आपल्या वर्षभराच्या फीची सोय व्हायची, ते यंत्र ऐन वेळी का बंद पडते, हे फक्त विज्ञानशाखेनेच जाणावे असा कोठे नियम नाही. शिवाय ते जाणून घेण्यास दहावीपर्यंतच्या विज्ञानापलीकडे फारसे काही लागत नाही.

प्रथम एक शब्द नीट करून घेऊ. टेबलाखाली ठेवलेल्या पत्र्याच्या उभ्या डब्याला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो. वस्तुतः सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा त्या डब्यातील काड्यापेटीहूनही लहान असा एक चौकोनी तुकडा आहे. डब्याचे नाव कॅबिनेट. एरवी ही चूक निरुपद्रवी आहे. दुकानदारही तेच म्हणतो आणि गिऱ्हाईकही. तापाचा विचार करताना मात्र ती नडते. कारण डबा तापला आहे की आतील तो तुकडा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

हा तुकडा तापतो तरी का? त्यात कोट्यवधी सूक्ष्म कळा सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करीत असतात. त्यांना पुरवलेली वीज शेवटी सगळीच्या सगळी उष्णतेत जाते. मिक्सर वीज खाऊन चटणी तरी वाटतो. प्रोसेसर वीज खाऊन बेरजा करतो, आणि बेरजेला वजन नसते. साध्या घरगुती संगणकात पूर्ण कामाच्या वेळी हा खर्च ६५ वॅटच्या आसपास असतो. ६५ वॅट म्हणजे काही विशेष नव्हे, जुना पिवळा बल्ब साठाचा असे. पण प्रश्न जागेचा आहे. ७५० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट पडतात. प्रोसेसरच्या आतील सिलिकॉनची चकती दीड चौरस सेंटिमीटरची धरली, तर तोच आकडा चाळीसच्या वर जातो. म्हणजे इस्त्रीच्या आठपट! ही उष्णता क्षणोक्षणी वाहून नेली नाही तर काय होईल, ते सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या 'एनिअ‍ॅक' या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला १५० किलोवॅट वीज लागे. त्याला हवेचे झोत देऊनच थंड ठेवावे लागे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफरॅक'मध्येही सुमारे २,७०० नळ्या होत्या. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, यंत्र डब्यात मावले. उष्णता मात्र गेली नाही. २००४ साली इंटेल कंपनीच्या पेन्टियम फोर प्रोसेसरांचा खर्च शंभर वॅटच्या वर पोहोचला आणि चार गिगाहर्ट्झ वेगाचा पेन्टियम काढण्याचा बेत कंपनीने त्याच वर्षी सोडून दिला. एकच घोडा अधिक जोराने पळवण्याऐवजी दोन घोडे बेताने पळवावेत, हा विचार मग रूढ झाला. आज प्रत्येक प्रोसेसरात दोन, चार, आठ 'कोअर' असतात, त्यामागे उष्णतेचा मोठाच हात आहे.

असो. आता उष्णतेची वाट पाहू. प्रोसेसरच्या धातूच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा दाबून बसवलेला असतो. त्याला हीटसिंक म्हणतात. या दोहोंच्या मध्ये राखी किंवा पांढऱ्या रंगाच्या एका लेपाचा, थर्मल पेस्टचा, पातळ थर असतो. ठोकळ्याच्या डोक्यावर पंखा. पंखा पात्यांमधील गरम हवा कॅबिनेटमध्ये ढकलतो आणि कॅबिनेटच्या पाठीमागचा दुसरा पंखा ती खोलीत सोडतो. प्रोसेसर, लेप, पाती, डब्यातील हवा, खोलीतील हवा अशी ही वाट आहे. ताप आला म्हणजे या वाटेवर कोठेतरी अडथळा आहे, किंवा शेवटचे ठिकाण, म्हणजे खोलीच, तापलेली आहे. तिसरी शक्यता क्वचित असते.

लेपाचे काम अनेकांना कळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर टेकड्या आणि दऱ्या असतात. ते एकमेकांवर ठेवले की टेकड्या टेकतात आणि दऱ्यांत हवा राहते. तांबे उष्णता जितकी वाहून नेते, त्याच्या सुमारे पंधरा हजारांश इतकीच स्थिर हवा नेते. ती हवा हाकलून दऱ्या भरून काढणे एवढेच लेपाचे काम. लेप हा काही धातूहून चांगला वाहक नव्हे. तो फक्त हवेहून पुष्कळ बरा. म्हणून तो जितका पातळ तितका चांगला. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवावा तसा लेप थापणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण जाड थर हाही अडथळाच होय.

आता थोडे गणित, आणि हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग मला वाटतो. समजा, वाट मोकळी असताना दर वॅटमागे प्रोसेसर खोलीपेक्षा ०.५५ अंशाने वर जातो. ६५ वॅटला हे सुमारे ३६ अंश झाले. खोली २४ अंश असेल तर प्रोसेसर ६०, खोली ४० अंश असेल तर ७६. दोन्ही ठिकाणी तो सुखरूप, कारण बहुतेक प्रोसेसरांची सहनशक्ती ९५ ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत असते. आता धूळ बसून आणि लेप वाळून वाट निम्मी बंद झाली, म्हणजे अडथळा दुप्पट झाला असे धरा. वाढ ७२ अंशांची होईल. वातानुकूलित कचेरीतील यंत्र ९६ अंशांवर कसेबसे तग धरील. परभणीकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीतील यंत्र ११२ अंशांचा हिशेब मांडून बसेल, म्हणजे बंद पडेल. यंत्र तेच, धूळ तितकीच. 'शहरात चालत होते, येथे आणले आणि बिघडले' असे जे म्हणतात त्यातील बिघाड बहुधा येथे झालेला नसतो. तो आधीच झालेला असतो. येथे फक्त उघडकीस येतो. आणि म्हणूनच आपल्याकडच्या यंत्राला शहरातल्यापेक्षा अधिक स्वच्छता लागते, कमी नव्हे.

तापाची लक्षणे ओळखणे सोपे आहे असे वाटते, पण तेथेच लोक फसतात. प्रोसेसर मर्यादेजवळ आला की प्रथम स्वतःचा वेग कमी करतो. अंगात ताप असताना माणूस जसा हळू चालतो, तसेच हे. तेवढ्याने भागले नाही तरच तो यंत्र बंद करतो. काही बोर्डांवर तर अमुक अंशाला बंद व्हायचे असे आधीच ठरवून ठेवलेले असते. परिणामी पहिले लक्षण 'बंद पडणे' हे नसून 'रेंगाळणे' हे असते. आणि रेंगाळणारा संगणक दिसला की आपल्याकडे एकच निदान होते : व्हायरस! लगेच फॉर्मॅट. चारपाचशे रुपये जातात, साठवलेले फोटो जातात, आणि आठ दिवसांत यंत्र पुन्हा रेंगाळू लागते. धूळ काही फॉर्मॅटने जात नाही.

म्हणून तर्क करण्यापेक्षा मोजावे. यंत्र सुरू करताना 'डिलीट' किंवा 'एफ-टू' कळ दाबत राहिले की बायोसचा पडदा येतो. त्यात 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'पीसी हेल्थ' या नावाखाली प्रोसेसरचे तपमान आणि पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे लिहिलेले असतात. विंडोजमध्ये 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूमॉनिटर' हे फुकट मिळणारे प्रोग्राम तेच आकडे दाखवतात. एक वही घ्यावी आणि वेळ, खोलीचे तपमान, प्रोसेसरचे तपमान, त्या वेळी काय काम चालू होते, अशा चार रकाने आखून दर पाच मिनिटांनी नोंद करावी. हे कंटाळवाणे आहे खरे. पण नुसता आकडा पुरेसा नसतो, तो किती वेगाने चढतो हे त्याहून बोलके असते.

याचे एक उदाहरण आमच्या घरचेच आहे. माझ्या चुलतभावाचे गावात ऑनलाइन अर्ज भरण्याचे छोटे दुकान आहे. दुकान कसले, पिठाच्या गिरणीला लागून असलेली पत्र्याची खोली. गिरणीवर माझे वडील असतात. गेल्या वर्षी तालुक्याहून टेम्पोतून आणलेले जुने यंत्र दुकानात आले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे शेवटचे दिवस होते आणि यंत्र दर दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडत होते. अर्ज अर्धा भरलेला, बाहेर मुले-मुली रांगेत, त्यांत माझाही अर्ज होताच. एका कारागिराने पाहून सांगितले, "बोर्ड गेला. नवीन घ्या." नवीन म्हणजे वीस हजारांची गोष्ट, आणि ते पैसे कोठेच नव्हते.

वडिलांनी संगणक कधी चालवला नाही. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. पण गिरणीची मोटर तापली की ते काय करतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. ते आधी हाताचा पालथा पंजा मोटरच्या अंगाजवळ नेतात, मग बेअरिंगजवळ, मग पट्ट्याच्या बाजूला. कोठे जास्त, कोठे कमी, हे पाहतात. भाऊ त्यांच्यापाशी यंत्राची कटकट सांगत असता ते मला म्हणाले, "माय, गरम व्हायलंय म्हंजे कुठंतरी अडकलंय. कुठून कुठपस्तोर गरम हाय ते बघ आधी." उष्णतेच्या वाटेसंबंधी वर जे मी परिच्छेदभर लिहिले, ते या दोन वाक्यांत आहे.

आम्ही वही घेतली. सकाळी सात वाजता, खोली २९ अंश असताना, रात्रभर थंड पडलेले यंत्र सुरू केले. एका मिनिटात प्रोसेसर ८० वर! येथे विचार करण्यासारखे आहे. पात्यांचा ठोकळा चांगला पावकिलोच्या घरातला असतो. तो तापायला वेळ लागतो. खोली गरम असेल, डबा कोंदट असेल, पात्यांत धूळ असेल, तर आकडा हळूहळू, वीस-तीस मिनिटांत चढेल. तो मिनिटात चढला, याचा अर्थ उष्णता ठोकळ्यापर्यंत पोहोचतच नव्हती. कॅबिनेटची बाजूची झडप काढून टेबलफॅन लावून पाहिले. फरक जेमतेम तीन अंश. म्हणजे डब्यातील हवा हा मुख्य गुन्हेगार नव्हे. मग यंत्र बंद पडल्याबरोबर प्लग काढून पात्यांना बोट लावले. आतला आकडा ९७ होता आणि पाती जेमतेम कोमट.

ही बोटाची परीक्षा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आकडा मोठा आणि पातीही चटका देणारी असतील, तर उष्णता ठोकळ्यात येते आहे पण हवेत जात नाही : धूळ, किंवा पंखा. आकडा मोठा आणि पाती कोमट असतील, तर उष्णता ठोकळ्यात शिरतच नाही : लेप, किंवा ठोकळा सैल. एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम होते. मात्र प्लग काढूनच, आणि प्रथम बोट जवळ नेऊन अंदाज घेऊनच हात लावावा.

पात्यांत पीठ होतेच. गिरणीशेजारी दुसरे काय असणार? पावसाळ्यातली ओल लागून त्याची खरपुडी झाली होती. डोळ्यांना तेच दिसत असल्याने सारा दोष पिठावर टाकणे सोपे होते. पण ते झटकल्यावर आकडा फक्त चार अंशांनी उतरला. ठोकळा हलवून पाहिला तेव्हा तो डुगडुगला. या जातीचा ठोकळा प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांनी बोर्डात अडकवलेला असतो. टेम्पोच्या धक्क्यांनी म्हणा किंवा आधीच म्हणा, चारांपैकी दोन खुंट्या वर आल्या होत्या, आणि आतला लेप वाळून त्याची पापडी झाली होती. बोर्ड ठणठणीत होता. दीडशे रुपयांची लेपाची पिचकारी आणि औषधाच्या दुकानातून आणलेली आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, एवढा खर्च आला. त्यानंतर दुपारी खोली ३८ अंश असताना साध्या कामात आकडा ४७ आणि भरपूर कामात ७२. अर्ज मुदतीत गेले.

आता प्रत्यक्ष कृती. प्लग काढावा, मग पॉवरचे बटन पाच-सात सेकंद दाबून धरावे म्हणजे आत राहिलेली वीज उतरते. उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर विद्युत् घालवावी. कोरड्या हवेत हे विशेष जरूर आहे. धूळ काढण्यास रंगाचा नवा, कोरडा ब्रश आणि ब्लोअर पुरे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. विजेचा पुरवठा करणारी पेटी, जिला दुकानात एसएमपीएस म्हणतात, ती बाहेरून झटकावी. उघडू मात्र कदापि नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते.

ठोकळा काढण्यापूर्वी यंत्र दहा मिनिटे चालवून लेप मऊ करून घ्यावा. काढताना सरळ वर न ओढता थोडा डावी-उजवीकडे पिळावा. एएमडी कंपनीच्या अनेक जुन्या प्रोसेसरांना खाली सुयांसारखे पाय असतात. ठोकळ्याला चिकटून प्रोसेसरच उपटून आला तर ते वाकतात. जुना लेप अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पुसून, वाळू देऊन, मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप ठेवावा. तो पसरायचे काम ठोकळ्याचा दाब करतो, आपण करू नये. खुंट्या असतील तर प्रत्येकीवरचा बाण पाहून ती मूळ जागी फिरवून घ्यावी आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन-दोन अशा क्रमाने 'टक्' आवाज येईपर्यंत दाबाव्या. शेवटी पंख्याची वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी जोडली आहे ना, हे पाहावे.

कॅबिनेटच्या मागचा पंखा बदलला असेल तर त्याची दिशा तपासावी. ज्या बाजूला पंख्याचे आडवे दांडे आणि चिठ्ठी असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. हवा पुढून आत आणि मागून बाहेर, असा ओघ असला पाहिजे. मात्र पुष्कळ घरांत यंत्राच्या जागेनेच हा ओघ बंद केलेला असतो. संगणकाच्या टेबलाला डब्यासाठी जो बंद कप्पा केलेला असतो, तो सुताराच्या दृष्टीने सुबक आणि यंत्राच्या दृष्टीने कोंडवाडा आहे. आपण सोडलेली गरम हवा तेच यंत्र पुन्हा ओढून घेते. त्यावर आपण क्रोशाचा विणलेला रुमाल घालतो! दसऱ्याला झेंडूचे तोरण, हळदकुंकू, सारे यथासांग होते, पण ज्याची पूजा करतो त्याच्या पोटात वर्षभराची धूळ आहे, हे कोणी पाहत नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरोघरी हत्यारे घासली जातात, त्याच दिवशी कॅबिनेटची एक झडप उघडावी, असे मी सुचवीन. डबा भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून वर आणि कूलरच्या तुषारांपासून लांब असावा, एवढे पुरे.

प्रत्येक बंद पडणे हे तापानेच असते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. वहीत ५०-५५ चा आकडा असताना यंत्र झटक्यात बंद होत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा किंवा घरातील विजेच्या दाबावर. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते. पुष्कळ लोक तिला निदान समजतात. पण यंत्र रीतसर बंद झाले नव्हते एवढेच ती सांगते, का ते सांगत नाही. बोर्डावरील लहान नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी सपाट असावीत. ती फुगलेली किंवा तपकिरी पाझरलेली दिसली, तर घरचे काम तेथे संपले. मग यंत्र कारागिराकडे न्यावे, पण वही बरोबर घेऊन जावे आणि आकडे त्याच्यापुढे ठेवावेत. नुसते 'गरम होते' असे सांगितले तर तो काय सांगेल ते ऐकावे लागते. 'सकाळी २९ अंशांत एका मिनिटात ८०' असे सांगितले तर तोही स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून आधी ती वही वाचतो.